यवतेश्वराच्या घाटांत

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसलें आहे. तेथून यवतेश्वराचा घाट चढून रस्ता कासच्या पठाराकडे जातो. ह्याच घाटांत सन २०१२ पासून अर्ध्या मॅरॅथॉनची शर्यत होत आली आहे. अंतर २१ किलोमीटरांहून किंचित् अधिक. पूर्वार्ध बहुतेक चढाचा, उत्तरार्ध उताराचा. साठी उलटल्यावर आमच्या व्यायाममंडळाच्या चमूंत आम्हींहि नांव घातलें, तेव्हां घरच्यांनीं आम्हांस वेड्यांत काढलें.

पहांटे धुकें दाटलें होतें. घाट लागतांच आमची छाती भात्यासारखी चालूं लागली. मंडळांतील एक गृहस्थ, आमचाच जुना विद्यार्थी, आपला वेग आवरून आमच्या शेजारीं आला. रामशब्द चालवितांना अडखळतो म्हणून ह्यालाच आम्हीं भर वर्गांत मंदबुद्धि म्हटलें होतें!

"बाबा रे, तूं पुढें हो, तुझा वेळ फुकट जातो," आम्ही म्हणालों.

"गुरुजी, रामशब्दांतहि मी मागेंच असें. मला संवय आहे."

बोलण्यांत टोमणा नव्हता, म्हणूनच तें अधिक झोंबलें.

माथ्यावरून परततांना उमगलें कीं, चढ छातीची परीक्षा घेतो, तर उतार गुडघ्यांची. पावलें आखूड टाकावीं, हें त्यानेंच शिकविलें. शेवटच्या रेषेपाशीं तो बुद्ध्याच एक पाऊल मागें राहिला.

क्षमेचा शब्द ओठांशीं आला होता. पण इतक्या वर्षांची मास्तरकी आडवी आली. वाचकहो, ती क्षमा आम्ही आज येथें मागतों.