तर्जनीचें प्रायश्चित्त

तर्जनी म्हणजे तर्जन करणारें, धाक घालणारें बोट. तीस वर्षें वर्गांत आणि त्याहून अधिक घरांत माझ्या उजव्या तर्जनीनें हें नांव सार्थ केलें. प्रायश्चित्त मात्र आतां डावीच्या वांट्याला आलें आहे.

नातीचें युकुलेले, हें चार तारांचें हवाई बेटांवरील वाद्य, मी शिकूं लागलों आणि ‘बार कॉर्ड’पाशीं अडलों. बी मायनरसाठीं तर्जनी दुसऱ्या पडद्याच्या अलीकडे चारही तारांवर आडवी निजवायची. वरच्या तारेवर चौथ्या पडद्याशीं अनामिका. मी सारें बळ लावून दाबीत असें. तारा कधीं मुक्या, कधीं किरकिऱ्या!

नात म्हणाली, “आजोबा, इतकं दाबू नका. बोट पडद्याजवळ आणा, किंचित कुशीवर वळवा. वरची तार अनामिका सांभाळतेच आहे ना!”

तसें करतांच चारही तारा स्वच्छ बोलल्या. तीच आकृति एक पडदा पुढें सरकविली, कीं सी मायनर तयार!

ज्याला बालपणीं मीं सर्वांत जास्त धाक घातला, तो माझा मुलगा दारांत उभा होता. तो हळूच म्हणाला, “बाबा, पुन्हा वाजवा ना.”

माझ्या तर्जनीला घरांत कुणीं ‘पुन्हा’ म्हटल्याचें मला आठवत नाहीं.