आपल्या गावची शशिकला

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर जुना सिनेमा लागला की साखर पेठेतल्या आमच्या घरी शेजारपाजारच्या बायका जमायच्या. मध्ये शेंगांचं सूप, भोवती गप्पा. पडद्यावर शशिकला आली की आत्याच्या हातातली शेंग तशीच राहायची. "आली बया! आता हिचं घर मोडतंय बघ." आणि लगेच, आवाज उतरवून, अभिमानानं, "आपल्या सोलापूरची हाय ती. जवळकरांची."

राग आणि आपलेपणा असा एका दमात व्यक्त होताना मी पुन्हा कुणाच्या बाबतीत ऐकला नाही.

शशिकला जवळकर मूळची सोलापूरचीच. लहानपणी ती जिल्ह्यात गावोगावी रंगमंचावर नाचायची, गायची. घरची सुबत्ता गेली आणि कुटुंब मुंबईला आलं. गायिका-अभिनेत्री नूरजहाँची नजर तिच्यावर पडली आणि 'झीनत' (१९४५) मधल्या कव्वालीत तिला बसायला मिळालं. त्या कामाचे पंचवीस रुपये मिळाले. तिथून वर चढायला तिला पुढं बरीच वर्षं लागली.

कॉलेजात असताना मॅटिनीला 'फूल और पत्थर' पाहिला. चकचकीत कपड्यांत ती नाचायला आली आणि थिएटर शिट्ट्यांनी भरून गेलं. मीही त्यातलाच एक होतो. आत्या तिला घर मोडणारी समजायची, आम्ही पोरं तिच्याकडे नुसतं शरीर म्हणून बघायचो. ती काम करतेय, हे आत्याला दिसलं नाही आणि आम्हालाही नाही.

ते मला दिसलं चाळिशीत, 'गुमराह' (१९६३) पुन्हा पाहताना. लग्नानंतर जुन्या प्रियकराला भेटणारी मीना आणि तिचं गुपित हाती लागलेली, तिला धमकावणारी लीला. ही लीला हळू बोलते. एक भुवई जराशी उचलते, ओठाचा कोपरा किंचित हलतो आणि समोरची माला सिन्हा आक्रसून जाते. शेवटी कळतं, की लीला खरी नाहीच. मीनाच्या नवऱ्यानं आपल्या सेक्रेटरीलाच हे सोंग घ्यायला लावलेलं असतं. म्हणजे शशिकला इथं खलनायिका झालेली नाही, खलनायिकेचं सोंग वठवणारी एक नोकरदार बाई झाली आहे. शेवट माहीत असूनही मला तिची भीती वाटली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिची सगळी कारकीर्दच त्या लीलेसारखी होती. सोंग इतकं बेमालूम वठलं, की आम्ही त्यालाच तिचा चेहरा मानून बसलो.

'आरती' (१९६२) मधली मीनाकुमारीला छळणारी जाऊ आणि ही लीला, या दोन्ही भूमिकांसाठी तिला ओळीनं फिल्मफेअर मिळालं. सहायक अभिनेत्रीचं. मग तशाच भूमिकांची रांग लागली. चांगलं केलं म्हणून तेच पुन्हा करायला लावलं. एखाद्या विणकराला एकच नक्षी छान जमते म्हणून जन्मभर तीच विणायला लावावी, तसं झालं. तिच्या हातात दुसऱ्या नक्ष्या नव्हत्या असं नाही. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) तीच शशिकला नूतनची मनमोकळी बहीण होती. पद्मश्री मिळायला २००७ साल उजाडलं. मधल्या काळात ती कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेत सेवा करत राहिली. ते कळल्यावर लोकांना नवल वाटलं. त्या नवलातच आमची चूक दडलेली आहे.

आत्या थकली, तिला अंथरुणातून उठवेना, तेव्हा मी तिला हृषीकेश मुखर्जींचा 'अनुपमा' (१९६६) लावून दिला. त्यात मुकी-मुकी शर्मिला टागोर, आणि घरभर बागडणारी, सगळ्यांना हसवणारी शशिकला. तिच्या बडबडीत कुठंही कृत्रिमपणा नाही. आत्या उशीला टेकून पापणी न लववता पाहत होती. सिनेमा संपला तरी ती पडद्याकडेच बघत राहिली.

"शेवटपर्यंत वाट बघितली रे," ती म्हणाली, "कुणाचं घर मोडलं नाही की तिनं."

मग बराच वेळ गप्प बसली. आणि म्हणाली, "उगीच शिव्या दिल्या मी तिला. आपल्या गावची पोर."

४ एप्रिल २०२१ ला शशिकला गेली. आत्या त्याआधीच गेली होती. त्या दिवशी मी 'अनुपमा' पुन्हा लावला, एकटाच बसलो, आणि समोर शेंगांचं सूप ठेवलं.