बोललेला भाव

काटा झाल्यावर भाव फिरवला, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आमच्या भोकरदन तालुक्यात उन्हाळी मिरची कशी लावतात हे नव्यानं सांगायला नको. मल्चिंग, ठिबक, विहिरीनं तळ गाठला की टँकर, कोकडा आला की फवारण्या. पहिला तोडा हाती येईपर्यंत सगळ्या घराच्या नाकी नऊ येतात. मग माल पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात. तिथे परराज्यांतले व्यापारी उतरतात आणि ट्रक भरून निघतात.

त्या दिवशी दुपारी बाजारातून ह्यांचा फोन आला, "भाव साठाला आहे, पण आवक वाढायलीय. लवकर या." तोडणीच्या बाया आणि मी सकाळपासून वाकलेल्याच होतो. भाकरी फडक्यात तशाच राहिल्या. वळीव कोसळला आणि गाडी बांधावर येईना. ऊर फुटेस्तोवर एकेक पोतं डोक्यावर घेऊन चिखलातून रस्त्याला आणलं. भाऊजींनी ताडपत्री ओढली, तरी वरची पोती भिजलीच.

पोचलो तेव्हा भाव उतरला होता. एका व्यापाऱ्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मिरची मोडून पाहिली आणि ५० बोलला. आम्ही कबूल झालो. काटा झाला. पोती त्याच्या थप्पीला लागली. चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा म्हणाला, ३६. माल ओला आहे, वाटेत सडेल. अहो, हात घातला तेव्हा तो ओला नव्हता का? पाणी काट्यावर शिरलं का? हे म्हणाले, "शेठ, पन्नास बोलला होतात." तो म्हणाला, "मग घेऊन जा."

घेऊन जा! कुठे नेणार? तोडलेली हिरवी मिरची श्वास घेतच असते. पोत्यात कोंडली की गरम होते, ओली असली तर देठाकडून सडायला लागते. रात्र काढली तर सकाळी ३६ सुद्धा कोण देणार? हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. आम्ही इतक्या जिवाच्या आकांतानं धावलो, त्याचीच त्यानं किंमत केली. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव करता येत नाही.

२०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकली. चांगलंच झालं. पण बोललेला भाव काट्यानंतर फिरवला तर आडत वाचून काय उपयोग? माझं म्हणणं आहे, भाव बोलला की काट्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्या. शेतकऱ्यांनीही लाजू नये, चिठ्ठी हातात पडल्याशिवाय पोतं उतरवू नये. मिरचीला सात ते दहा अंश थंडावा आणि पुरेसा ओलावा मिळाला तर ती दोन-तीन आठवडे टिकते. त्याहून जास्त गार केली तर मात्र खराब होते, म्हणून बटाट्याच्या शीतगृहात टाकून भागत नाही. बाजाराला लागून मिरचीपुरती गार खोली असती, तर "घेऊन जा" म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती.

त्या रात्री बायांची मजुरी आम्ही ठरल्या दरानंच दिली. ओली मिरची म्हणून त्यांचा एक रुपया कापला नाही.

भाऊजी म्हणाले, पुन्हा या बाजारात पाय ठेवायचा नाही. मीही रागानं हो म्हणाले. पण पुढच्या तोड्याला गाडी तिकडेच वळली, आणि वळवा म्हणणारी मीच होते. लांबच्या बाजाराचं भाडं परवडत नाही, इथे रोख पैसे हातात पडतात, आणि बोलल्या भावाला जागणारे व्यापारीही मी इथेच पाहिलेत. बाजाराला मी नावं ठेवणार नाही. त्या एका माणसाकडे मात्र किलोमागे १४ रुपये आमचे निघतात, आणि ते मी सोडलेले नाहीत.