ठाकूरद्वार ते हुतात्मा चौक

ठाकूरद्वार नाक्यावरून मुगभाटात गेलो, की रस्त्याच्या पाटीवर हुतात्मा बंडू गोखले हे नाव दिसते. जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या भागातही पोलिसांच्या गोळ्या चालल्या होत्या. तेथून आम्ही बसने हुतात्मा चौकात आलो. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत.

मुलांनी विचारले, “या लढ्यात आपल्यातले कोण होते?”

आम्ही शाहीर अमर शेख यांचे नाव सांगितले. मूळचे मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, बार्शीचे. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबींकडून मिळाला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफावर थाप पडली, की मैदान भरायचे. गाणे ऐकून लोक झोळीत पैसे टाकायचे. अशी जमलेली मोठमोठी रक्कम त्यांनी चळवळींच्या हवाली केली. स्वतः मात्र निष्कांचन राहिले. १९६९ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले.

स्मारक पाहायला जाल तेव्हा मुलांना या झोळीचीही गोष्ट सांगा. मराठी राज्यासाठी प्राण देणाऱ्यांइतकेच, गळा आणि कमाई देणारेही आपलेच होते.