देखण्या पिशाचांच्या मुलुखात

भूत पाहण्यासाठी पदरचे पैसे खर्चून परदेशी जाणारा मनुष्य शहाण्यांत जमा होणार नाही, हे मला मान्य आहे. आपल्याकडे फुकटात दिसणारी भुते काय थोडी आहेत? कोकणात तर वेशीवर एक, विहिरीवर एक आणि पिंपळावर दोन, असा दर गावाचा हिशेब ठरलेला. पण युरोपातल्या चित्रपटांनी गेल्या शंभर वर्षांत जे एक खानदानी भूत घडवले, त्याची गोष्ट निराळी आहे. ते पिंपळावर बसत नाही, चांगल्या हॉटेलात उतरते. ते नाकात बोलत नाही, फ्रेंच बोलते. त्याचे पाय उलटे नसतात, आणि असले तरी दिसायचे नाहीत, इतके त्याचे बूट उत्तम असतात. या भुताचे नाव व्हँपायर. रात्री थडग्यातून उठायचे, जिवंत माणसाचे रक्त प्यायचे आणि उजाडायच्या आत परतायचे, एवढाच त्याचा दिनक्रम.

या व्हँपायरचे चित्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दर वेळी एकच अनुभव आला आहे. गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरायला होते, पण ती जिथे घडली ते गाव विसरायला होत नाही. तेव्हा आमची कन्या हांबुर्गला नोकरीला लागली आणि आम्हा उभयतांना तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा ही गावे डोळ्यांनी पाहायची असे मी ठरवून टाकले. "लोक युरोपात जाऊन आयफेल टॉवर पाहतात," एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांनी लोकरीचे मोजे बॅगेत भरले.

हा व्हँपायर जन्माने मात्र खानदानी नव्हे. १७२५ ते १७३२ च्या दरम्यान सर्बियातल्या खेड्यांत मेलेली माणसे उठून रक्त पितात अशी आवई उठली. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन थडगी उकरली, अहवाल लिहिले, आणि ते युरोपभर गाजले. त्या अहवालांतले पिशाच म्हणजे अंग फुगलेला, चेहरा तांबारलेला, साधा खेडूत होता. पुढे १८१९ मध्ये जॉन पॉलिडोरी या डॉक्टरने कथा लिहून त्याला लॉर्ड केले आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ लिहून काउंट केले. भुतांतही अशी बढती मिळते!

आपल्या वेताळाचाही या मंडळींशी एक दूरचा संबंध जोडला गेला आहे. रिचर्ड बर्टनने विक्रम-वेताळाच्या गोष्टी १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या, तेव्हा मुखपृष्ठावर वेताळाला ‘व्हँपायर’ म्हटले. वेताळावर हा अन्यायच झाला. तो विक्रमाच्या खांद्यावर बसतो खरा, पण रक्त पीत नाही. गोष्ट सांगतो आणि शेवटी एक अवघड प्रश्न विचारतो. युरोपचा व्हँपायर प्रश्न विचारत नाही. तो नुसता पाहतो, आणि फार सुंदर पाहतो. त्याच्या चित्रपटांचे सारे गुण आणि सारे दोष मला तरी या एका फरकात दिसतात.

आमचा पहिला मुक्काम ल्यूबेक. हांबुर्गहून आगगाडीने पाऊण तासाचा रस्ता. स्टेशनातून गावाकडे चालू लागले की होल्स्टनटोर नावाची जाडजूड, जुनी वेस लागते आणि तिच्या शेजारी, त्रावे नदीच्या काठाला लागून, विटांच्या सहा उंच वखारी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. सोळाव्या ते अठराव्या शतकात बांधलेल्या या मिठाच्या वखारी. ल्यूनेबुर्गचे मीठ इथे साठायचे आणि हेरिंग मासे खारवण्यासाठी उत्तरेकडच्या देशांत जायचे. १९२२ मध्ये फ्रीडरिख मुर्नाऊ या दिग्दर्शकाने ‘नोस्फेराटू’ हा मूकपट काढला, तेव्हा त्यातल्या काउंट ओर्लोकने विकत घेतलेले ओसाड घर म्हणून याच वखारी दाखवल्या. काळ्या खिडकीत उभा राहून तो समोरच्या घरातल्या तरुणीकडे टक लावतो, ते दृश्य पाहून आजही अंगावर काटा येतो.

वखारींचा इतिहास ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे इथे खारवलेल्या माशांचा धंदा चालायचा? मग भूत येईल नाही तर काय!" रात्री मासे घेऊन जाणाऱ्यामागे भूत लागते हे त्यांनी मालवणात लहानपणीच ऐकलेले. जर्मन समीक्षकांना हा मुद्दा सुचला नसावा.

दुसऱ्या दिवशी विस्मारला गेलो. बाड क्लायनेन नावाच्या स्टेशनावर गाडी बदलावी लागते. बाल्टिक समुद्रावरचे हे छोटे बंदर चित्रपटात ‘विसबोर्ग’ या नावाने येते. ओर्लोकचे जहाज इथेच लागते, आणि बंदराकडच्या जुन्या वेशीतून तो स्वतःची शवपेटी स्वतःच्या काखेत मारून गावात शिरतो. एवढा मोठा काउंट, पण हमाल करत नाही, याचे आमच्या घरात कौतुक झाले. वेस अजून उभी आहे. ज्या मरियमच्या देवळाच्या मनोऱ्यावरून मुर्नाऊने गावाचे पहिले दृश्य टिपले, तो मनोराही आहे. देवळाचा बाकीचा भाग मात्र दुसऱ्या महायुद्धात बाँबने मोडला आणि उरलेल्या भिंती १९६० मध्ये सुरुंग लावून पाडल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी नुसती मोकळी जागा दिसते.

त्या काळी जर्मनीत स्टुडिओत वाकडीतिकडी घरे रंगवून भय उभे करण्याची रीत होती. मुर्नाऊने कॅमेरा खऱ्या रस्त्यावर नेला. खरी लाट, खरा वारा, खऱ्या विटा, आणि त्यांतून चालणारे खोटे भूत! भय असे निर्माण होते. सूर्यप्रकाशात व्हँपायर विरघळून जातो ही कल्पनाही याच चित्रपटाची. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा खुशाल हिंडतो. कादंबरीचे हक्क न घेतल्यामुळे स्टोकरच्या विधवेने दावा लावला, आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरी काही प्रती वाचल्या. पिशाचच ते, पुरले तरी वर आले.

पण विस्मारच्या धक्क्यावर उभे राहिल्यावर मनात एक खडा टोचू लागतो. गाव कसे निर्मळ, माणसे कशी भाबडी. आणि पूर्वेकडून एक बाकदार नाकाचा, लांब नखांचा परका येतो, जागा विकत घेतो, आणि त्याच्याबरोबर उंदीर आणि प्लेग येतो. हे चित्र कुठून उचलले? ज्यूंची टिंगल करणाऱ्या तेव्हाच्या व्यंगचित्रांशी ओर्लोकचे साम्य अनेक अभ्यासकांना जाणवले आहे. मुर्नाऊच्या मनात तसा द्वेष होता असे म्हणता येत नाही. पटकथा लिहिणारा हेन्रिक गालेन आणि काउंटच्या दलालाचे काम करणारा अलेक्झांडर ग्रानाख हे दोघे स्वतःच ज्यू होते. दोघांनाही हिटलरच्या अमदानीत जर्मनी सोडावी लागली. आणि १९४० मध्ये नाझींनी जो प्रचारपट काढला, त्यात उंदरांचे थवे दाखवून ज्यूंची त्यांच्याशी तुलना केली होती. भिण्यासाठी परका कोण हे एकदा डोळ्यांना शिकवले, की डोळे ते विसरत नाहीत. चित्र सुंदर असले तर अधिकच लक्षात ठेवतात.

हा खडा पुढच्या पिढीतल्या एका जर्मन दिग्दर्शकालाही टोचला असावा. वेर्नर हेरझोगने १९७९ मध्ये ‘नोस्फेराटू’ पुन्हा काढला, आणि गाव निवडले हॉलंडमधले डेल्फ्ट. कालव्यांवर कमानदार पूल, पाण्यात झाडांच्या सावल्या, आणि व्हर्मीरच्या चित्रांतला तो दुधाळ उजेड. हेरझोगला या कालव्यांकाठी हजारो उंदीर सोडायचे होते. नगरपालिकेने साफ नकार दिला, आणि ते काम शेजारच्या स्कीडाम गावात उरकावे लागले. कलेपुढे न वाकणाऱ्या त्या नगरपालिकेबद्दल मला आदर वाटतो.

डेल्फ्टच्या चौकात उन्हात बसून कॉफी पिताना, इथूनच शवपेट्यांची रांग संथपणे गेली होती हे खरे वाटत नाही. चित्रपटात शेवटी काउंट मरतो, पण प्लेग जात नाही. काउंटला खुंटी ठोकणाऱ्या डॉक्टरलाच अटक करायचा हुकूम सुटतो, तर पकडायला पोलीस उरलेले नाहीत आणि डांबायला तुरुंगही नाही! आणि नायक स्वतःच पिशाच होऊन घोड्यावर बसून निघून जातो. १९२२ मध्ये परका मेला आणि गाव सुटले. १९७९ मध्ये परका मेला, पण रोग गावातच राहिला. मधल्या काळात जर्मनीने काय काय पाहिले होते, ते वेगळे सांगायला नको. असा एखादा चित्रपट निघतो, म्हणूनच बाकीच्यांवर रागावावेसे वाटते.

कारण बाकीच्यांची तऱ्हा काय सांगावी! फ्रान्सच्या ज्याँ रोलँने दिएपजवळच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पुन्हापुन्हा चित्रपट काढले. किनारा अप्रतिम, पण त्यावर हिंडणाऱ्या बायकांना थंडीतही पुरेसे कपडे द्यायचे त्याच्या मनात नसे. नट झोपेत चालल्यासारखे चालतात, कथेचे धागे सुटतात, आणि रक्त म्हणजे उघड उघड रंग. घरातल्या मुलांना घेऊन पाहण्याजोगे हे चित्रपट नव्हेत. मोठ्यांनी पाहिले, तरी एका मुलीचा जीव गेला याचे दुःख पडद्यावर कोणाला होत नाही, हे खटकल्यावाचून राहत नाही. मेलेली मुलगी तिथे पडद्यासारखी किंवा झुंबरासारखी, सजावटीची वस्तू होते.

आमचा शेवटचा मुक्काम बेल्जमचे ओस्टेंड. समुद्रकाठी जवळजवळ चारशे मीटर लांबीची खांबांची कमानदार गॅलरी आहे, आणि तिच्या मध्यावर १९३३ मध्ये उघडलेले भव्य हॉटेल. हॅरी क्यूमेलने १९७१ मध्ये ‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’ या चित्रपटासाठी ही जागा निवडली. हिवाळ्यातले रिकामे हॉटेल, एक नवविवाहित जोडपे, आणि रात्री मोटारीतून उतरणारी काउंटेस बाथोरी. देल्फीन सेरिग या नटीने ही काउंटेस अशी काही रंगवली आहे, की व्हँपायरांत तिच्याइतके मोहक मी दुसरे पाहिले नाही. सोनेरी केस, चंदेरी पोशाख, मध घोळलेला आवाज. त्या चित्रपटात नवऱ्याने बायकोला पट्ट्याने मारण्याचा प्रसंग आहे, आणि तो पाहिल्यावर घरातला माणूस भयंकर की दारातले भूत, अशी शंका येते. तेवढा एक विचार या चित्रपटाने केला आहे, त्याचे श्रेय द्यायला हवे.

संध्याकाळी बोचऱ्या वाऱ्यात आम्ही त्या गॅलरीतून हिंडलो. खांबांमागून खांब, पलीकडे करडा समुद्र. मी मनातल्या मनात काउंटेसची मोटार शोधत होतो. सौभाग्यवती मात्र वर छताकडे पाहत होत्या. "एवढे बांधायला पैसा कुणाचा लागला?" त्यांनी विचारले. घर चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न पहिला सुचतो.

याचे उत्तर गॅलरीजवळच, किनाऱ्यावर उभे आहे. तो आहे घोड्यावर बसलेल्या राजा दुसऱ्या लिओपोल्डचा पुतळा, १९३१ मध्ये बसवलेला. याच राजाच्या हौसेने १९०२ ते १९०६ मध्ये ही गॅलरी झाली. १८८५ पासून १९०८ पर्यंत आफ्रिकेतला अवाढव्य काँगो ही त्याची खासगी मालमत्ता होती. तिथले रबर आणि हस्तिदंत विकून आलेल्या पैशांतून त्याने बेल्जममध्ये मोठमोठी बांधकामे केली, त्यांत ओस्टेंडचा किनाराही होता. काँगोतल्या गावांना रबर गोळा करण्याचे काम सक्तीने नेमून दिलेले असे. सैनिक गोळी वाया गेली नाही याचा पुरावा म्हणून माणसांचे तोडलेले हात आणून दाखवत. पुतळ्याच्या एका बाजूला ओस्टेंडचे कोळी आणि दुसऱ्या बाजूला राजाचे आभार मानणारे काँगोचे लोक कोरलेले आहेत. २००४ मध्ये काही मंडळींनी त्यांतल्या एका काँगोवासीयाच्या मूर्तीचा हात कापून नेला. दगडी-पितळी गोष्टीत खरी हकीकत अशी उशिरा भरली गेली.

हंगेरीची खरी काउंटेस बाथोरी १६१४ मध्ये कैदेत मेली. ती तारुण्य टिकवण्यासाठी रक्ताने न्हात असे, ही गोष्ट तिच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी छापली गेली. त्या ऐकीव रक्ताची आठवण ठेवणारा चित्रपट ज्या कमानींखाली उभा आहे, त्यांचे रक्त मात्र त्याला दिसत नाही. कमानी सुंदर आहेत, कॅमेरा त्यांवरून हळुवार फिरतो, आणि पुढे निघून जातो.

म्हणून हे चित्रपट पाहूच नयेत असे मी म्हणणार नाही. जागेचा स्वभाव ओळखण्याची दृष्टी मला त्यांनीच दिली. नाहीतर मी विस्मारच्या वाटेला कशाला गेलो असतो? पण व्हँपायरच्या जोडीला आपला वेताळही खांद्यावर असू द्यावा. ओस्टेंडच्या त्या गॅलरीत तो असता, तर त्याने नक्की विचारले असते: राजा, गोरीपान काउंटेस, घोड्यावरचा लिओपोल्ड आणि समुद्राकडच्या खोलीचे भाडे भरून छायाचित्रे काढणारा हा प्रवासी, यांत रक्त पिणारा कोण?

उत्तर माहीत असून गप्प बसणाऱ्याचे काय होते, ते वेताळाच्या गोष्टी ऐकलेल्या वाचकांना ठाऊक आहेच.