ड्रॅगनचा पगार

रणगाडा आणि ड्रॅगन समोरासमोर आले तर जिंकेल कोण? हा प्रश्न मला माझ्या भाच्यानं विचारला. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून तो बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांच्या खांद्यांवर निळा रंग चढवत होता. "मावशी, उगाच दोन्हीकडून बोलू नकोस. एकच सांग." मी रणगाडा म्हटलं. त्यावर त्यानं खवल्यांची जाडी, उडण्याची उंची, ज्वाळेचा पल्ला असा सगळा हिशेब मांडला आणि मला गप्प केलं. त्या हिशेबात ड्रॅगनला मुळात लढायचं आहे का, हा रकाना नव्हता. मलाही तो तेव्हा सुचला नाही. पुढे यंत्रं आणि राक्षस यांना एकाच युद्धात उतरवणारी पुस्तकं वाचत गेले, तसतसा तो एवढाच रकाना महत्त्वाचा वाटू लागला.

ते सैनिक 'वॉरहॅमर 40,000' या खेळातले होते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं 1987 साली तो बाजारात आणला, कल्पना रिक प्रीस्टली यांची. कंपनीचा आधीचा खेळ जादू, बुटके, ऑर्क असल्या जुन्या सामग्रीवर उभा होता. तीच मंडळी उचलून चक्क इसवी सन चाळीस हजारच्या आसपास अवकाशात नेऊन सोडली. तिथं ऑर्क अंतराळयानातून हल्ले करतात आणि सैतान ताऱ्यांच्या वाटेवर दबा धरून बसलेले असतात. पण मला त्यातलं सर्वांत आवडलेलं पात्र म्हणजे मंगळावरचे यंत्रपुरोहित. माणसाकडे तारे फोडणारी शस्त्रं आहेत, फक्त ती चालतात कशी हे कोणाला नीट आठवत नाही. म्हणून तोफ सुरू करण्यापूर्वी तिला तेल चढवायचं, धूप दाखवायचा, स्तोत्र म्हणायचं आणि आतल्या यंत्रात्म्याला राजी करायचं.

हे वाचताना मराठी वाचकाला फार परकं वाटायचं कारण नाही. खंडेनवमीला पाना-पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहणारे आपण. 8 ऑक्टोबर 2019 च्या दसऱ्याला फ्रान्समधल्या मेरिन्याकला पहिलं राफेल विमान ताब्यात घेताना संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी त्यावर ओम रेखला, आणि चाकांखाली लिंबं ठेवली गेली. त्यावर महिनाभर विनोद झाले, विनोद करणाऱ्यांवर संताप झाला. मला दोन्ही बाजू उथळ वाटल्या. आपल्याला पुरतं न कळणारं आणि जीव घेऊ शकणारं यंत्र समोर आलं, की त्याला काही मर्जी असेल अशी शंका माणसाला येतेच. (इथून पुष्पक विमानाकडे जायची एक पायवाट आहे. मी तिकडे वळणार नाही.)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांनाही अशीच शंका आली होती. विमानात बिनकारण बिघाड झाला की ते 'ग्रेम्लिन' नावाच्या उपद्व्यापी बुटक्यांना दोष देत. रोआल्ड डाल स्वतः त्या हवाई दलात वैमानिक होता. मुलांसाठी त्याचं पहिलं पुस्तक 1943 मध्ये आलं ते या ग्रेम्लिनांवरचंच, डिस्नेच्या साथीनं. त्यात ग्रेम्लिनांच्या खोड्यांना कारण आहे: विमानांचा कारखाना उभारायला त्यांचं जंगल तोडलेलं असतं. एवढी रास्त तक्रार घेऊन आलेल्या या जमातीचं पुढे काय होतं? शत्रू मोठा आहे असं सांगून त्यांची समजूत काढली जाते आणि विमानं दुरुस्त करण्याच्या कामाला त्यांना जुंपलं जातं. जंगलाचा विषय मागे पडतो. युद्धकाळातलं पुस्तक, त्याला तेव्हा दुसरं काही करता आलं नसतं. पण धरणासाठी गाव उठवून त्याच धरणावर रोजंदारी देण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे मुलांचं हे पुस्तक मला हसत हसत वाचता येत नाही.

ॲन मॅकॅफ्रीचा ड्रॅगन तक्रारच करत नाही. तिची पहिली पर्न-कथा 1967 मध्ये 'ॲनालॉग' या मासिकात आली. विज्ञानाला धरून चालणारं हे मासिक, संपादक जॉन कॅम्पबेल. तिथं ड्रॅगनला प्रवेश मिळाला याचं आजही नवल वाटतं. पुढच्या वर्षी त्या कथेला ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. कथालेखनासाठी हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री. पर्न हा दूरचा ग्रह. पृथ्वीवरून यानानं आलेल्या वसाहतवाल्यांनी तिथल्या लहान सरड्यांवर जनुकीय प्रयोग करून ड्रॅगन घडवले, आणि मग काही शतकांत ती विद्या विसरूनही गेले. ड्रॅगन एक विशिष्ट दगड चावतो, पोटात फॉस्फिन वायू तयार होतो आणि हवेशी गाठ पडताच पेटतो. आकाशातून पडणारे, सगळं खाऊन टाकणारे धागे जाळणं हे त्याचं काम. म्हणजे हे जिवंत हवाई दलच. त्याच्या तुकड्या आहेत, कवायती आहेत, जखमींच्या शुश्रूषेची व्यवस्था आहे.

आणि मॅकॅफ्रीनं एक फार मोठी सोय करून ठेवली आहे. अंड्यातून बाहेर पडताक्षणी ड्रॅगन स्वतःचा स्वार निवडतो आणि दोघांची मनं कायमची जुळतात. स्वार मेला तर ड्रॅगन मागे राहत नाही, तोही अदृश्य होऊन मरण पत्करतो. वयाच्या विशीत मी हे वाचून रडले असते. आता वाचताना मनात येतं, ज्याला जन्मतःच निष्ठा जडते त्याच्या संमतीला अर्थ काय? शत्रू मन नसलेला धागा, सैनिक नकार न देणारा प्राणी. इतकं निर्मळ युद्ध कुठल्याही सेनापतीला हवंसं वाटेल. पर्न मला आवडतं, पण ते मला फसवतं हेही कळतं.

जपानच्या 'गेट' या कादंबरीबद्दल मात्र मला थोडक्यातच सांगायचं आहे. ताकुमी यानाई हा स्वसंरक्षण दलात काम केलेला लेखक. तोक्योच्या गिंझा भागात अचानक एक दार उघडतं, त्यातून रोमन थाटाचं सैन्य आणि उडते ड्रॅगन येतात, आणि मग जपानी सैनिक रायफली, हेलिकॉप्टरं घेऊन दारापलीकडे जातात. 2015 मध्ये त्यावर ॲनिमेशन मालिकाही आली. ज्या देशाच्या राज्यघटनेचं नववं कलम युद्धाचा हक्कच नाकारतं, तिथल्या सैन्याला परीकथेत मनसोक्त लढता यावं, यातली गंमत समजण्यासारखी आहे. पण भालेवाल्यांच्या रांगांवर तोफा चालतात, प्रेतांचे ढीग पडतात आणि कथेला त्याचं विशेष काही वाटत नाही. ड्रॅगन इथं फक्त चालतंफिरतं लक्ष्य. माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र चोख मिळतं: खांद्यावरून सोडलेल्या रणगाडाभेदी अस्त्रानं महाकाय ड्रॅगनचा एक हात उडतो.

राक्षसाला युद्धात का बोलावतात, हे याहून उघडपणे द्रोणपर्वात सांगितलं आहे. चौदाव्या दिवसाचं युद्ध रात्रीही चालू राहतं. कर्णाजवळ इंद्रानं दिलेली शक्ती आहे, एकदाच वापरता येणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली. कृष्ण घटोत्कचाची स्तुती करून त्याला कर्णावर पाठवतो. भीमाचा हा पोरगा मोठ्या उत्साहानं जातो, रात्रीच्या अंधारात कौरवसैन्याची दाणादाण उडवतो आणि अखेर कर्णाला ती शक्ती त्याच्यावर खर्चावी लागते. मरतानाही तो देह प्रचंड वाढवून शत्रूसैन्यावर कोसळतो. पांडव शोकात बुडालेले, आणि कृष्ण आनंदानं नाचतोय, अर्जुनाला मिठी मारतोय. एक अमोघ अस्त्र एका राक्षसाच्या बदल्यात निकामी झालं, सौदा स्वस्तात पडला. कृष्ण एवढ्यावर थांबत नाही. हा कर्णाकडून मेला नसता तर पुढे मलाच त्याला मारावं लागलं असतं, असंही बोलून जातो. व्यासांची कमाल ही, की त्यांनी तो नाच झाकला नाही. हिशेब असा असतो, हे त्यांनी हिशेब करणाऱ्याच्याच तोंडून वदवलं.

नाओमी नोविक या अमेरिकन लेखिकेनं 2006 पासून दहा वर्षांत लिहिलेली नऊ पुस्तकांची मालिका मी या हिशेबाला दिलेलं उत्तर म्हणून वाचते. काळ नेपोलियनच्या युद्धांचा, तंत्रज्ञान बंदुकीच्या दारूचं. काटेकोर बोलायचं तर हे विज्ञानसाहित्य नव्हे. पण ड्रॅगनच्या पाठीवर बंदूकधारी, बाँब टाकणारे, निशाण दाखवणारे, खाली पट्टे आवळणारे कामगार, अशी जहाजावरची सगळी शिस्त तिनं इतकी बारकाईनं बसवली आहे की त्यापुढे पुष्कळशी अंतराळयुद्धं पोकळ वाटावीत. ब्रिटिश नौदलाचा कप्तान लॉरेन्स एक फ्रेंच जहाज पकडतो, त्यावर एक अंडं सापडतं. चीनच्या सम्राटानं नेपोलियनला पाठवलेलं. त्यातून टेमेरेर जन्मतो. तो बोलतो, पुस्तकं वाचून घेतो, गणितात रमतो आणि प्रश्न विचारतो. चीनमध्ये गेल्यावर त्याला दिसतं, की तिथले ड्रॅगन रुंद रस्त्यांवरून हिंडतात, लिहितात, स्वतः कमावतात. इंग्लंडमध्ये त्याचे भाऊबंद गावाबाहेर उघड्या जमिनीवर झोपतात.

चौथ्या पुस्तकात ब्रिटिश ड्रॅगनांमध्ये जीवघेणी साथ पसरते. आफ्रिकेतल्या एका अळंबीत औषध सापडतं. दरम्यान सरकारनं एक रोगी ड्रॅगन फ्रान्सला धाडलेला असतो, तिकडचे सगळे मरावेत म्हणून. जैविक युद्ध, त्याचा शब्दही न उच्चारता. टेमेरेरला हे पटत नाही. फ्रेंच असले तरी ते ड्रॅगनच. तो औषध फ्रान्सला पोचवायला निघतो आणि लॉरेन्स, आयुष्यभर आज्ञा पाळलेला माणूस, त्याच्याबरोबर जातो. मग परत येऊन देशद्रोहाच्या खटल्याला उभा राहतो. शिक्षा फाशीची, पण ती अमलात आणत नाहीत. कारण लॉरेन्स जिवंत असेल तरच टेमेरेर ताब्यात राहील. पर्नमधलं ते हळवं नातं इथं सरकारच्या हातातला ओलीस होतं. नोविकनं हे मॅकॅफ्रीला उद्देशून लिहिलं की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. वाचताना दोन्ही पुस्तकं एकमेकांशी भांडू लागतात, मला ते पुरे आहे.

पुढच्या पुस्तकात नेपोलियन इंग्लंडवर चाल करून येतो. टेमेरेर वेल्समध्ये डांबलेल्या ड्रॅगनांना गोळा करून स्वतःची फौज उभारतो, आणि सरकार मदत मागायला येतं तेव्हा पगार मागतो. हक्कही मागतो, पण आधी पगार. हा प्रसंग मला साऱ्या हवाई लढायांपेक्षा मोठा वाटतो. आग ओकणारा ड्रॅगन कोणीही लिहील. घासाघीस करणारा लिहायला राजकारण कळावं लागतं.

15 जानेवारी 2025 ला सेनादिनाचं संचलन पहिल्यांदाच पुण्यात झालं, खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या मैदानावर. त्यात चार पायांची यंत्रखेचरं सैनिकांच्या बरोबरीनं चालत गेली. मी ती टीव्हीवर पाहिली. गुडघे वाकवून, मान नसलेली, अगदी तालात. बर्फात, चढावर, गोळीबारात ओझं वाहायला ती उपयोगी आहेत आणि त्यांच्यामुळे एखाद्या जवानाचा किंवा खऱ्या खेचराचा जीव वाचत असेल तर मला त्याचा आनंदच आहे. भीती दाखवणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आहे. पण त्यांच्याकडे पाहताना मला पेडोंगी आठवली. आपल्या सैन्यातली ही खेचरी 1971 च्या युद्धात शत्रूच्या हाती लागली. त्यांनी तिच्या पाठीवर मशीनगन आणि दारूगोळा लादला. ती तशीच, पाठीवरच्या ओझ्यासकट, निघून आपल्या बाजूला परत आली. तिला देशप्रेम होतं असं मी म्हणणार नाही. कदाचित इकडचा चारा बरा असेल, कदाचित ओळखीच्या हाताची सवय. कारण काहीही असो, कुठे जायचं ते तिनं ठरवलं, आणि त्या दिवशी तिला जुंपणाऱ्यांनी ते ठरवलेलं नव्हतं.

यंत्रखेचर शत्रूच्या हाती लागलं तर ते शत्रूचं होईल. त्यासाठी आज्ञावली बदलावी लागेल, एवढंच. स्वायत्त शस्त्रांवर जिनिव्हात 2014 पासून देशांच्या बैठका होत आहेत. तिथं चर्चा असते ती बटण माणसाच्या हाती राहावं की नाही याची, आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र या साहित्यातून दुसरीच एक उत्सुकता लागली आहे. कोणीतरी मराठीत अशी कथा लिहावी, जिच्यात सियाचेनच्या वाटेवर एक यंत्रखेचर मध्येच थांबतं. बॅटरी भरलेली, चारही पाय धड, वाट मोकळी. आणि हवालदाराला वर कळवायचा अहवाल लिहायचा असतो, त्यात कारणाच्या जागी काय भरावं ते त्याला सुचत नाही.