दुनळी

तलवारीला नाव असते, बंदुकीला क्रमांक असतो. भवानी, तुळजा, जगदंबा ही नावे घेताना मराठी माणसाचा स्वर आजही बदलतो. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोहोचली, तेव्हा तिचे स्वागत एखाद्या परतलेल्या आप्तासारखे झाले. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे, याचे कोणाला वैषम्य वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. बंदुकीच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. तिची ओळख जिल्हा कचेरीच्या नोंदवहीतली: नळ्या किती, बोअर कोणते, क्रमांक काय. आणि तरीही छत्तीसगडातल्या जुन्या मराठी घरांत असा एखादा माणूस हटकून भेटतो, जो प्रसंगी सोने मोडील, शेत विकील, पण ही नाव नसलेली वस्तू हातची जाऊ देणार नाही. मी त्यांतलाच एक आहे.

आम्ही इकडे कसे आलो हे थोडक्यात सांगितले पाहिजे. रघूजींचे सेनापती भास्करराम यांनी १७४१ मध्ये रतनपूर घेतले. पुढे बिंबाजी भोसले तेथे येऊन राहिले आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक, सावकार अशी बरीच मराठी मंडळी या भातशेतीच्या मुलखात स्थिरावली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले; माणसे मात्र परत गेली नाहीत. इंग्रजी अमलात त्यांतल्या काहींना मालगुजारी मिळाली आणि गावकरी त्यांना ‘दाऊ’ म्हणू लागले. आमच्या आजोबांकडे दुर्ग जिल्ह्यातले एक लहानसे गाव होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. वाडा भावकीत वाटला गेला, विहीर सामाईक राहिली आणि वडिलांच्या हिश्श्याला जे आले त्यात एक दुनळी बंदूक होती.

त्याच सुमारास भिलाई उभी राहत होती. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली. दाऊंचा मुलगा कारखान्याच्या भांडारात कारकून झाला. सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाड्यातले दुसरे काही मावण्याजोगे नव्हते. बंदूक तेवढी कपाटात उभी राहिली. मी त्याच कारखान्यात धातुशास्त्र शिकून लागलो, रुळांच्या गिरणीत आयुष्य काढले आणि आता नेहरूनगरातल्या घरात राहतो. कपाट बदलले आहे, बंदूक तीच आहे.

लोखंडात जन्म काढलेल्या माणसाने तिच्याकडे पाहावे ते नळ्यांसाठी. घोडे बाहेर असलेली, मध्ये मोडून भरायची ही बर्मिंगहॅमची बंदूक. आजोबांनी ती मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून घेतली, असे घरात सांगतात. तिच्या नळ्या दमास्कसच्या आहेत. लोखंड आणि पोलाद यांच्या सळ्या एकावर एक रचून तापवायच्या, ठोकून एकजीव करायच्या, पीळ द्यायचा, मग त्या पट्ट्या एका दांड्याभोवती वेलीसारख्या गुंडाळून पुन्हा ठोकून सांधायच्या. शेवटी आम्लाचा हात फिरवला की दोन धातूंचे रंग वेगळे होतात आणि साऱ्या नळीवर तपकिरी, करड्या लाटा उमटतात. पाण्यावर तेल पसरावे तशी ती नक्षी दिसते. ती वरून काढलेली नव्हे, आतून आलेली असते. आमच्या गिरणीतून तांबडा रूळ सरकत येई तो आदीपासून अंतापर्यंत एकसारखा. एकसारखेपणा हाच त्याचा गुण. इथे मात्र घण घालणाऱ्याच्या हाताचा प्रत्येक फेर दिसतो. ‘बारा बोअर’ या शब्दामागेही असाच जुना हिशेब आहे. नळीच्या तोंडाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरतात, म्हणून बारा.

ही नक्षीच तिचा अडसर आहे. असंख्य सांध्यांची ही नळी जुन्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली. धूर न करणाऱ्या नव्या दारूचे काडतूस तिच्यात घालणे म्हणजे स्वतःच्या डाव्या हातावर पाणी सोडणे. खडकीच्या कारखान्यातले ‘शक्तिमान’ काडतूस वडिलांनी एकदा दुकानात हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले, ते मला आठवते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपवली. आमच्या बंदुकीची शिकार त्याच्या आधीच संपली होती. आमच्या मुलांनी वाघ पाहिला तो मैत्रीबागेत, पिंजऱ्यातला आणि तोही पांढरा.

मग ती कशासाठी ठेवायची? खंडेनवमीला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायला? कारखान्यात सतरा सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा होते आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरी खंडेनवमी येते. कारखान्यातली पूजा चालत्या यंत्राची, आमची बंद पडलेल्या यंत्राची, असे माझा एक बंगाली सहकारी हसून म्हणे. कोडगूत लोकांचे बंदुकीशी नाते याहून मोकळे आहे. कोडवांना शस्त्रपरवान्यातून सूट आहे, कैलपोळदच्या सणाला ते बंदुका पुजतात, घरात मुलगा जन्मला की आकाशात बार काढतात. त्यांच्याकडे बंदूक घराण्याच्या आयुष्यात बोलते. आमची मुकी आहे.

निदान मी तिला मुकी समजत होतो. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर करण्याच्या निमित्ताने कागद शोधायला गावी गेलो. तिथे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे वडील आजोबांच्या शिकारीत हाकारे असत. वडिलांनी सांगितलेली बिबट्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “बंदूक ला देख के हमन रद्दा छोड़ देत रहेन, दाऊ.” पुढे समजावून सांगितले: तुमच्या आजोबांनी माणसावर कधी ती उचलली नाही; पण वसुलीला निघाले की दमणीत शेजारी असायचीच. बोलण्यात राग नव्हता. हवामानाविषयी बोलावे तसे ते बोलले. आमच्या घरातल्या कोणत्याही गोष्टीत ही दमणी नव्हती.

बंदूक झाडावी लागत नाही, ती शेजारी असली की पुरे, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. १८७८ चा शस्त्रकायदा याच समजुतीवर उभा होता. अहिंसेच्या पुरस्कर्त्या गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये खेड्याच्या सैन्यभरतीच्या पत्रकात त्या कायद्याला इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत गणले होते. मूठभरांना परवाना आणि बाकीच्यांनी रस्ता सोडायचा, अशी ती व्यवस्था. आजोबा त्या मूठभरांत होते. बस्तरच्या गावांत पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, ज्याला तिकडे भरमार म्हणतात, ती बाळगणाऱ्याकडे कागद क्वचितच असे.

स्वतंत्र भारताचा कायदा आला तो १९५९ चा, भट्टी पेटली त्याच वर्षाचा. १९८३ मध्ये एका माणसाला तीनच बंदुकांची मर्यादा आली आणि २०१९ मध्ये ती दोनांवर आली. पहिल्या मसुद्यात एकच ठेवायची होती. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही यातून सूट नाही. तेव्हा ज्यांच्या घरी तीन होत्या त्यांनी कोणती सोडायची यावरून भावाभावांत अबोला धरल्याचे मी पाहिले आहे. आमच्याकडे एकच, त्यामुळे ती वेळ आली नाही. आमच्या वाट्याला निवडणुका येतात. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो, मी बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षाने नेतो, पावती घेतो आणि निकालानंतर सोडवून आणतो. तेवढे दिवस कपाट उघडले की उगाच ओकेबोके वाटते. घरातले म्हातारे माणूस इस्पितळात असावे तसे. ही भावना मला शोभते की नाही ते मी ठरवलेले नाही.

माझी सत्तरी उलटली आहे. २०१६ च्या नियमांनुसार सत्तर वर्षांनंतर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, परवानाधारकाला हयातीतच वारसासाठी अर्ज करता येतो. माझी वारस म्हणजे पुण्यात वकिली करणारी माझी मुलगी. तिने कायदा वाचला आणि पंचेचाळिसावे कलम दाखवले: दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा जुन्या शस्त्राला हा कायदा लागूच होत नाही.

“बाबा, रीतसर परवानगी घेऊन हिच्या नळ्यांना भोके पाडून घ्या. मग भिंतीवर लावू. ठाणे नको, पावती नको. नक्षी तर राहीलच.”

“मुळीच नाही,” मी म्हणालो. इतक्या तडकाफडकी, की मीच चमकलो.

“पण तुम्ही ती कधी झाडणार नाही आहात.”

“नाही.”

“मग?”

त्या ‘मग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतकी वर्षे मी लोकांना सांगत आलो होतो की मला बंदुकीचे प्रेम नाही, आठवणीचे आहे. वडिलांच्या हाताने घासून गुळगुळीत झालेल्या दस्त्याचे आहे. आठवण तर भोक पाडल्याने जात नाही. दस्ता तसाच राहतो, लाटाही राहतात. जाते ते एवढेच, की ती झाडता येईल ही शक्यता. आणि नेमके तेच द्यायला मी तयार नव्हतो. जिच्यासाठी लोकांनी रस्ता सोडला ती हीच शक्यता. माझ्या मायेच्या मुळाशी तिचा अंश असणार, हे मला धातूचा नमुना भिंगाखाली दिसावा तसे दिसले. भिंगाखाली दिसले म्हणून पोलादाचा गुण बदलत नाही. मी अजूनही भोक पाडू देणार नाही.

दिवाळीत मुलगी आली तेव्हा गावातल्या त्या गृहस्थांचे बोलणे मी तिला प्रथमच सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने स्वतःच कपाट उघडले, बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे पाहिले आणि उजवीत गंज धरतोय म्हणाली. मी तेल आणि गज काढून दिला. काम आटोपल्यावर तिने वारसाच्या अर्जावर तिच्या वाट्याची माहिती भरली, सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. शस्त्र कशासाठी हवे, तो रकाना तिने सोडला होता.

“तेवढे तुम्ही लिहा, बाबा. मला जे सुचतेय ते जिल्हाधिकाऱ्यांना चालणार नाही.”

अर्ज कपाटात, ठाण्याच्या जुन्या पावत्यांवर ठेवला आहे.